एनडीएचा क्लास: लेखीचे पैसे वसूल, एसएसबीचे बुडीत खाती

म्हापशात माझं रंगांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं गल्ल्यावर बसल्यामुळे कुठल्याही मालाची किंमत ऐकली की पहिला प्रश्न तोंडात येतो: यात नक्की काय काय येतं? आमच्या बायने, म्हणजे मुलीने, दहावीनंतर एनडीएचं (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) नाव काढलं आणि मी क्लासच्या चौकशीला निघालो, तेव्हाही हाच प्रश्न घेऊन गेलो. ती बारावी होऊन भोपाळला एसएसबी (लेखीनंतरची सैन्यदलांची मुलाखत आणि चाचण्या) देऊन आली तोवर ज्या एका क्लासात होती, त्याबद्दल हे लिहितोय. क्लास बार्देशातला आहे, एवढं पुरे. नाव टाकत नाही, कारण तिथले दोन-तीन शिक्षक सोन्यासारखे आहेत आणि मालकापायी त्यांच्या पोटावर पाय यायला नको.

क्लास दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान. जिनाभर फ्लेक्स, फ्लेक्सवर मुलामुलींचे फोटो, खाली ‘एनडीए क्वालिफाइड’. मी विचारलं, यातले खडकवासल्याला किती पोचले? मालक म्हणाले, “हे सगळे क्वालिफाइड आहेत, भाऊ.” मी परत विचारलं, त्यांनी चहा मागवला. क्वालिफाइड म्हणजे फक्त यूपीएससीची लेखी पास. ती ९०० गुणांची. तिच्यानंतर एसएसबी, तीही तेवढ्याच ९०० गुणांची, पाच दिवस चालणारी. मग मेडिकल, मग मेरिट लिस्ट. तेव्हा कुठे अकॅडमीचं गेट. फ्लेक्सवर हे कोणी छापत नाही.

दोन पॅकेजं होती. लेखीचं ४५,००० रुपये, एसएसबीचं १८,०००, आणि दोन्ही एकदम घेतली तर ५८,०००. मालकांचा सगळा जोर एकदम घेण्यावर. “शंभर टक्के गॅरंटी,” म्हणाले. कसली गॅरंटी, पैसे परत करणार का? “तसं नाही हो, मेहनतीची गॅरंटी.” मेहनत तर मुलगी करणार होती. मी लेखीचं तेवढं घेतलं, तेही दोन हप्त्यांत. चेहरा थोडा पडला त्यांचा, पण पैसे घेतले.

फी घेण्याआधी जे सांगायला हवं ते मात्र तिथे कोणी सांगत नाही. बायच्या बॅचमध्ये कांदोळीचा एक मुलगा होता. हुशार, धावायला पुढे, आणि मानेवर हा एवढा टॅटू, कळंगुटला काढून घेतलेला. एनडीएच्या जाहिरातीत साफ लिहिलेलं असतं की कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट एवढ्यात किंवा पंजाच्या मागच्या बाजूला असेल तरच चालतो. आदिवासी परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे, ती याला कुठून मिळणार? त्याला हे समजलं ते दुसऱ्या एका मुलाने जाहिरात मोठ्याने वाचली तेव्हा. तोवर क्लासने पूर्ण फी घेतलेली. दारातून आत येणाऱ्या पोराच्या मानेकडे बघायला कितीसा वेळ लागतो? चष्म्याचा नंबर, रंगांची ओळख, उंची (मुलींना साधारणपणे किमान १५२ सेंमी), हे सगळं पहिल्या दिवशी विचारलं तर काही पालकांचे पैसे वाचतील. अर्थात तेवढेच क्लासचे बुडतील.

वयाचं गणितही घरीच करून जा. अकॅडमीचा कोर्स सुरू होताना मुलगा किंवा मुलगी साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मध्ये हवी, आणि अविवाहित. जाहिरातीत जन्मतारखांची चौकट दिलेली असते, एक दिवसही इकडेतिकडे चालत नाही. किती वेळा बसलात हे कोणी मोजत नाही, वय तेवढं मोजतात. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरात. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. अर्जाची फी १०० रुपये, मुलींना तीही माफ. परीक्षेचं केंद्र पणजीला मिळतं, त्यामुळे गोव्याबाहेर जायचा खर्च नाही. मुलींना लेखीला बसायला मिळालं ते २०२१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर. पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पास आउट झाल्या. त्या परेडचे व्हिडिओ बायने मला दुकानात आणून दाखवले, गिऱ्हाईक उभं असताना. जागा मात्र कमी आहेत: २०२५ च्या जाहिरातीत लष्कराच्या २०८ पैकी मुलींसाठी १०.

आता चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. गणिताचे सर बेळगावचे. वर्गात इंग्रजी-हिंदी बोलतात, मुलं अडली की सरळ मराठीत येतात. एकदा पावसाने अडकलो म्हणून मी मागच्या बाकावर बसून होतो. फळ्यावर लिहिलेलं: साइन वर्ग १ अंश, अधिक साइन वर्ग २ अंश, असं करत करत ८९ अंशांपर्यंत, बेरीज किती? पोरं पेनं सरसावून बसलेली. सर म्हणाले, “पेनं खाली. आधी जोड्या लावा. १ चा जोडीदार कोण?” कोणीतरी ८९ म्हणालं. साइन ८९ म्हणजे कॉस १, त्यामुळे १ आणि ८९ च्या वर्गांची बेरीज नेमकी १. तसंच २ आणि ८८, ३ आणि ८७. अशा ४४ जोड्या झाल्या, मधे ४५ एकटाच उरला, त्याचा वर्ग अर्धा. उत्तर साडेचव्वेचाळीस. माझं गणित उधारीच्या वहीपुरतं, तरी मला कळलं. पेन कोणी उचललंच नाही.

या पेपरात १२० प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला एक तृतीयांश कापतात, म्हणजे ०.८३. सरांनी प्रत्येकाला एक वेगळी वही करायला लावली होती, तिच्यात फक्त सोडून दिलेले प्रश्न लिहायचे. का सोडला: येत नव्हता, वेळ नव्हता, की चारातले दोन पर्याय उडाले होते तरी भीतीने सोडला? तिसऱ्या प्रकाराच्या प्रश्नांवरून ते जास्त रागवायचे. ५० बरोबर आणि २० चूक आले तर १२५ वजा साधारण १७, हा हिशोब मुलांना तोंडपाठ. लेखीचा कट-ऑफ गेली काही वर्षं ९०० पैकी ३०० च्या आसपास असतो, प्रत्येक पेपरात किमान टक्केवारीची अट वेगळी. म्हणजे पेपर पूर्ण सोडवायचा हट्ट नको, सोडवलेलं खरं निघालं पाहिजे. बायला हे पटायला वेळ लागला, कारण बोर्डाच्या परीक्षेने तिला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही असं शिकवलेलं. त्या वहीसाठी मी ४५,००० पैकी निम्मे आनंदाने मोजले असं समजा.

इंग्रजीच्या मॅडम पर्वरीहून यायच्या. काम चोख, तक्रार नाही.

सामान्य ज्ञानाकडे आलं की माल हलका. दुसरा पेपर ६०० गुणांचा: इंग्रजी २००, बाकीचं ४००. त्या ४०० ची वाटणी यूपीएससीने अभ्यासक्रमातच ढोबळ दिलेली आहे. फिजिक्स २५ टक्के, केमिस्ट्री १५, जनरल सायन्स १०, इतिहास २०, भूगोल २०, आणि चालू घडामोडी फक्त १०. क्लासात उलटं. रोज चालू घडामोडींचे तास, कारण ते घ्यायला कोणीही चालतो, वर्तमानपत्र वाचून दाखवलं की झालं. भूगोलाला ८० गुण आणि मास्तरच नाही. बायने एनसीईआरटीची पुस्तकं घेऊन घरीच वाचला. झेरॉक्स नोट्सचे ३,००० रुपये वेगळे घेतले आणि त्या नोट्सांत लष्करप्रमुख अजून जनरल नरवणे! ते निवृत्त झाले ३० एप्रिल २०२२ ला. मी मालकांना पान उघडून दाखवलं. म्हणाले, “पुढच्या छपाईत बदलू.” झेरॉक्सची कसली छपाई?

पीटी फीमध्येच धरलेली आहे, आणि ती फुकट समजून टाळू नका. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार काका रविवारी पेडेच्या मैदानावर मुलांना पळवतात. चंदगडकडचे. एका आईने विचारलं, एसएसबीत धावण्याची टेस्ट नसते ना, मग कशाला? काका म्हणाले, “नसते बाई. पण दमलेला माणूस ग्रुपमध्ये तोंड उघडत नाही.” पुढे सगळ्यांना मोसंबी वाटली, तीही स्वतःच्या खिशातून. क्लास त्यांना काय देतो मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

जाता जाता एक गोष्ट. कोणी सांगेल, सरकारी फुकट संस्था आहे ना, क्लास कशाला? आहे, पण महाराष्ट्रात. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, मुलींसाठी नाशिकला काढलीय. अट महाराष्ट्राच्या रहिवासाची. माझ्या मेहुण्याची मुलगी सावंतवाडीची, तिला दार उघडं. पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे राहणाऱ्या माझ्या मुलीला बंद. भाषा एक, देव एक, चवथीला एकमेकांकडे जाणं-येणं, पण दाखला वेगळा. आणि गंमत म्हणजे नौदलाची अकॅडमी २००९ पर्यंत आमच्याच वेऱ्याला, आयएनएस मांडवीवर होती, मग केरळात एळिमलाला गेली. आता वेऱ्याला नेव्हल वॉर कॉलेज आहे, ते आधीच अधिकारी झालेल्यांसाठी. गोव्यातल्या पोरांना गणवेश रोज दिसतो. त्यात शिरायची तयारी मात्र दुसऱ्या मजल्यावर विकत घ्यावी लागते.

लेखीचा निकाल लागला, बायचा रोल नंबर यादीत आला. त्याच आठवड्यात मालकांचा फोन, आता एसएसबीचं घ्या. बॅचमधल्या सगळ्यांनी घेतलं, तिनेही हट्ट धरला, मी १८,००० भरले. जाहिरातीत ‘निवृत्त कर्नलसाहेबांचं मार्गदर्शन’. कर्नलसाहेब माणूस देखणा आणि बोलायला गोड, पण आले उद्घाटनाला आणि समारोपाला. मधले सगळे दिवस एक तरुण मुलगा शिकवत होता, त्याच्या हातात एक फाइल होती.

त्या फाइलबद्दल सांगतो. एसएसबीच्या मानसशास्त्राच्या चाचण्यांत एक असते शब्दांची: ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. दुसरी चित्रांची: चित्र ३० सेकंद दाखवतात, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी ११ चित्रं आणि बारावी पाटी कोरी. तिसरी प्रसंगांची: ६० प्रसंग, अर्धा तास. क्लासच्या फाइलमध्ये या सगळ्याची तयार उत्तरं. ‘भीती’ आली की ‘धैर्याने भीतीवर मात होते’. चित्रात माणूस दिसला की त्याचं नाव राहुल आणि तो गावात आरोग्य शिबिर भरवणार. एके दिवशी बायने घरी आणून दाखवलं: सराव चाचणीत सात जणांच्या गोष्टी, सातही आरोग्य शिबिरं. चित्रात होडीशेजारी बसलेला एक म्हातारा होता. त्यालाही यांनी डॉक्टर आणून दिला.

फॉर्म भरण्याचंही तसंच. एसएसबीला पोचल्यावर स्वतःबद्दलचा एक लांबलचक फॉर्म भरतात, मुलाखत त्याच्यावर चालते. बायने आवडीच्या रकान्यात फुगडी लिहिली. आमच्या अस्नोड्यात चवथीला वाड्यावरच्या बायकांचा फुगडीचा संच ती बांधते, स्पर्धेला घेऊन जाते. फाइलवाला मुलगा म्हणाला, हे गावठी वाटतं, ‘ट्रेकिंग’ लिही. आयुष्यात ती तांबडी सुर्लाच्या पुढे चालत गेलेली नाही. तिने फुगडीच ठेवली, आणि भोपाळच्या मुलाखतीत प्रश्नही तिच्यावरच आले: सोळा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीची काकू एका रिंगणात कशा आणतेस, कोणी रुसलं तर काय करतेस, ताल कोण धरतं. पुढे वडिलांच्या दुकानाचं: पावसाआधी काय जास्त खपतं, उधारी कोण वसूल करतं. रविवारी ती गल्ल्यावर बसते, त्यामुळे ताडपत्रीपासून वॉटरप्रूफिंगपर्यंत भावासकट सांगून आली. ट्रेकिंग लिहिणाऱ्या एका मुलाला बूट कुठल्या नंबरचे, शेवटचा ट्रेक किती किलोमीटरचा, असं विचारत गेले म्हणे, आणि तो तिसऱ्याच प्रश्नाला बसला.

त्या १८,००० मधली एकच गोष्ट कामाची: मागच्या मोकळ्या जागेत मांडलेला ग्राउंडचा सराव. फळ्या, पिंपं, दोरी, आणि आठ-दहा मुलांनी मिळून बोजा पलीकडे न्यायचा. लाल रंगवलेल्या भागाला अंग किंवा सामान टेकवायचं नाही. (लाल रंग म्हणजे माझ्याच दुकानातलं रेड ऑक्साइड, आणि दोरीही माझीच, बारा एमएमची नायलॉन. बिल अजून पूर्ण आलेलं नाही.) फळी हातात धरल्याशिवाय तिचं वजन आणि लवचीकपणा कळत नाही, आणि फळी पुरेल की नाही याचा अंदाज बोलून येत नाही. हे एक-दोन सकाळी केलं तरी भागतं. त्यासाठी दोन आठवडे आणि आरोग्य शिबिरं नकोत.

भोपाळला मडगावहून मंगला एक्सप्रेस थेट जाते. बाय आणि फोंड्याची एक मुलगी, दोघीच गेल्या. एका प्रकारच्या एंट्रीला (भरतीच्या मार्गाला) पहिल्यांदाच बोलावणं आलं असेल तर थर्ड एसीपर्यंतचं जाण्या-येण्याचं भाडं मिळतं, तिकिटं जपून ठेवायची. बोलावण्याच्या पत्रात हे सगळं लिहिलेलं असतं. क्लासात विचारलं तर ‘बहुतेक मिळतं’ एवढंच. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग: बुद्धिमत्तेचे प्रश्न, एक चित्र, गोष्ट, मग त्याच गोष्टीवर गटात चर्चा. दुपारी फोन आला, “बाबा, मी टिकले.” बाहेर गेलेल्यांची बस त्याच दिवशी स्टेशनला लागते, तिच्यात फोंड्याची मुलगी होती. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळे परीक्षक बसून निकाल ठरवतात. बायचं नाव आलं नाही. का आलं नाही हे तिथे कोणी सांगत नाहीत, आणि तिने विचारलंही नाही.

ती परत आली त्या दिवशी क्लासच्या जिन्यात नवा फ्लेक्स. मधोमध आमची बाय, खाली ‘एनडीए क्वालिफाइड, अभिनंदन’. फोटो प्रवेश अर्जावरचा, न विचारता घेतलेला. मी लेखीच्या निकालानंतरच फोनवर सांगितलं होतं की लावू नका. काढतो काढतो म्हणत राहिले. शेवटी एका सोमवारी दुकानातली शिडी नेली, चार खिळे काढले, फ्लेक्स गुंडाळून मालकांच्या टेबलावर ठेवला. हवालदार काकांनी शिडी धरली होती.

तर माझा हिशोब असा. लेखीसाठी या क्लासला पाचपैकी चार, आणि तो एक गुण भूगोल आणि झेरॉक्सने घालवला. एसएसबीच्या पॅकेजला दीड, तोही ग्राउंडसाठी. एकदम दोन्ही घ्यायला सांगितलं तर घेऊ नका. लेखी पास झाल्याशिवाय एसएसबीची गरजच पडत नाही, आणि पास झाल्यावरही तुमच्या घरात, शाळेत, एनसीसीत जे असेल त्यावर बोलायची सवय फाइलने लागत नाही. बारावीला जेईई मेन दिली असेल आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये ७० टक्के, इंग्रजीत ५० टक्के असतील, तर नौदलाच्या बी.टेक. एंट्रीचा अर्जही भरून ठेवा. तिथे एनडीएची लेखी लागत नाही, जेईईच्या क्रमांकावर थेट एसएसबीला बोलावतात. हा रस्ता क्लासात कोणी सांगणार नाही, त्यात त्यांना विकायला काही नाही.

बायचं वय अजून बसतंय, ती पुढची लेखी देणार आहे. बेळगावच्या सरांकडे तेवढं गणित चालू आहे, महिन्याच्या हिशोबाने. हे मागितलं तर देतात, फक्त बोर्डावर लिहिलेलं नाही. आणि हप्ता भरला की तिथल्या तिथे पावती घ्या. दुसऱ्या हप्त्याची मला अजून मिळायची आहे.